इनामगाव, राख आणि आजींची गाळणी

इनामगावला, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची वस्ती जिथं खणून काढली तिथं, बघायला काहीही नाही, हे आधीच सांगून टाकते. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर जायचं. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला तास मी आयुष्यातून वजा धरला आहे. आणि शेवटी काय, तर बाभळी, काटेरी झुडपं आणि भुरकट मातीचं टेकाड. एका बाजूला घोड नदी, बाकी जिकडे बघावं तिकडे ऊस.

जायचा हट्ट मैत्रिणीचा. ती पुरा-वनस्पतिशास्त्र करते, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचे जळके दाणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसते. टेकाडावर चढल्या चढल्या बाईसाहेब खुलल्या. "ही पांढर बघ." काळी पिकाची आणि पांढर वस्तीची, हे ऐकून माहीत होतं. पण मातीची घरं पडत, पुन्हा उठत, राख आणि केर साचत पांढर कशी वर येते, ते पायाखाली पहिल्यांदाच कळलं. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी इथं कितीतरी हंगाम उत्खनन केलं. १३०हून जास्त घरं सापडली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७००, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं माणसं इथं नांदली. आज त्यातलं एक जोतं दिसेल तर शपथ. खापराचे तुकडे तेवढे पडलेले, लाल, वर काळी रेघ. मी एक उचलला तर मैत्रिणीनं असं पाहिलं की मुकाट्यानं होता तिथं ठेवला.

ऊन चढलं, बाटल्या संपल्या, माझी चिडचिड सुरू झाली. शेजारच्या वस्तीवर पाणी मागायला गेलो आणि सहलीचं जे काही सार्थक व्हायचं ते तिथं झालं.

गोठ्याजवळ एक आजी हुलगे पाखडत होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मैत्रिणीची नजर मात्र चुलीमागच्या राखेच्या ढिगावर.

"आजी, थोडी राख घेऊ का?"

"न्या की. भांडी घासायला का?"

"नाही, धुवायला."

"राख धुवायची?" आजींनी सूप खाली ठेवलं.

अर्धी बादली पाणी घेऊन मैत्रिणीनं राख हळूहळू सोडली, हातानं ढवळली आणि थांबली. माती तळाशी बसायला लागली तसे वर काळे ठिपके तरंगायला लागले. उत्खननात हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. दाणा भरपूर हवेत जळला तर त्याची राख होते. पण निखाऱ्याखाली दडपून, हवा कमी पडून भाजला गेला तर आकार जसाच्या तसा राहून त्याचा कोळसा होतो. कोळशाला ना किडे खातात ना बुरशी, आणि तो असतो हलका, म्हणून तरंगतो. तरंगलेलं ओतायला बारीक जाळी हवी. आजींनी चहाची गाळणी आणून दिली. तिची भोकं फार मोठी, अर्धं बी निसटतंय, अशी कुरकुर मैत्रिणीनं केलीच. गाळलेलं कागदावर घालून सावलीत ठेवलं. उन्हात घाईनं वाळवलं तर दाणे तडकतात म्हणे.

मग भिंग निघालं. कोळशाचे कण, फुगून फुटलेला ज्वारीचा एक दाणा, आणि मोहरीहूनही बारीक असं कसलंतरी पाच-सहा बी. आजींनी भिंगातून एकदाच पाहिलं.

"ही जवारी चुलीपाशी सांडली आसंल. पन हे बारीक हाय ना, हे तनाचं बी. आमी कुठलं खातोय ते? गाईनं खाल्लं, शेनातनं गवरीत गेलं, गवरीतनं चुलीत."

मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच समजावून सांगायला माझी प्रबंधाची चाळीस पानं गेलीत." चुलीतल्या राखेत माणसाचं जेवण कुठलं आणि जनावराचं कुठलं, यावर या विषयातली माणसं जगभर डोकं फोडतात. पण शेणातून आलेलं तण वाया जात नाही. कुठलं तण, यावरून रान ओलं होतं की कोरडं, ते ताडता येतं.

इनामगावात काय निघालं होतं, ते आजींनी विचारलं. सातू म्हणजे जव सगळ्यात जास्त, गहू, मसूर, वाटाणा, लाखेची डाळ, बोराच्या आठळ्या. आणि हुलगे. हुलगे म्हटल्यावर आजींनी सुपाकडे पाहिलं आणि हसल्या. पुढे पाऊसमान घटलं, गहू मागे पडला, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं, असं खणणाऱ्यांचं म्हणणं. भोवतालच्या उसाकडे बघत हे ऐकणं विचित्र वाटत होतं.

"आन भाजी कुठली खायाची ती मानसं?"

"पाल्याचं काही उरत नाही, आजी. जळला तर राख, नाही जळला तर कुजतो."

"मंग निम्मंच कळलं म्हना की."

यावर मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं. आजींनी हुलग्यांची शेंगोळी वाढली. मला हुलगे आवडत नाहीत, लहानपणी माडगं बघितलं की मी पळायचे. या वेळी दोनदा मागून घेतली, आणि ते पुरातत्त्वाच्या प्रेमापोटी नव्हे, लसूण झकास पडली होती म्हणून. पैसे द्यायचं मनात आलं होतं, पण आजींचा चेहरा बघून धीर झाला नाही.

परतीचा प्रवास तसाच, शिक्रापूर तसंच. गाळणी मात्र किती घासली तरी काळी ती काळीच राहिली. नवी घेऊन पुन्हा जायचंय. बारीक जाळीची घेऊ, असं मैत्रिणीचं आत्ताच ठरलंय.