वाळ्याची जुडी

पार्ले यंदा वाळा घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या चार जुड्या, प्रत्येकीला एकेक. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिने पुडकं सोडलं, तसे शेजारी बसलेले एक आजोबा नाक वर करून म्हणाले, "फार वर्षांनी आला हा वास." पार्ले अशी फुलली, जणू ती मुळं तिनेच खणून काढली होती.

पार्ले म्हणजे माझी मैत्रीण. फोर्टातल्या एका ऑफिसात आम्ही चौघी एका रांगेत बसायचो, तेव्हापासून एकमेकींना राहत्या जागेच्या नावाने हाका मारतो. मी दादर. बाकीच्या पार्ले, मुलुंड आणि गिरगाव. "गिरगाव नावाचं स्टेशनच नाही," असा आक्षेप मुलुंडने तेव्हाच घेतला होता. त्यावर "चर्नी रोड म्हणून हाक मारलीस तर ओ देणार नाही," असं सांगून गिरगावने विषय संपवला. आता मेट्रोने खरोखरच गिरगाव स्टेशन काढल्यापासून ती जरा जास्तच ताठ चालते.

पाडव्यानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर जमायचं आणि प्रत्येकीने त्या उन्हाळ्यासाठी एक वेड मांडायचं, असा आमचा रिवाज. खाण्याचं, वाचण्याचं, फिरण्याचं, राहणीचं, काहीही चालतं. अट एकच, नावं ठेवण्याआधी आठवडाभर करून बघायचं. या अटीपायी मी एका वर्षी पहाटे साडेपाचला पार्काला फेऱ्या मारल्या आहेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

हे सगळं सुरू झालं ते "गावाला कधी?" या प्रश्नामुळे. एप्रिलच्या मध्यापासून मुंबईत जो तो ज्याला त्याला हे विचारत सुटतो. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, लोकलच्या दारात. राजापूर तालुक्यात माझ्या आजोबांचं घर होतं. वाटण्या झाल्या, मग घर विकलं, मग त्या वाटेला कुणी गेलं नाही. गिरगाव तर चार पिढ्या गिरगावातच. पार्लेचं माहेर पूर्वेला आणि सासर पश्चिमेला, म्हणजे सुट्टीत माहेरी जायचं तर बाईने स्टेशनचा पूल ओलांडायचा. गाव आहे ते एकट्या मुलुंडला, सावंतवाडीकडे, पण तिला तिकीट मिळत नाही. पूर्वी रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे तिचं वेटिंग लिस्टचं दुःख आता दोन महिने कमी पुरतं, एवढाच फरक. थोडक्यात, मे महिन्यात चौघी इथेच. मग निदान काहीतरी करू या, असं कुणीतरी म्हणालं. बहुधा मीच.

बरं, मुंबईचा उन्हाळा मिरवण्याजोगाही नाही. नागपूरकर "पंचेचाळीस" म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान असतो. आमचा पारा तेहेतीस-चौतीसच्या पुढे सहसा सरकत नाही, त्यामुळे कुणी कीवही करत नाही. भाषेला मात्र फरक बरोबर कळतो. इतर ठिकाणी ऊन तापतं, भाजतं, रणरणतं. मुंबईत उकडतं. मोदक होतात त्याच क्रियापदाने! खाली पाणी, वर झाकण, आत आपण पाकळ्या मिटून.

तर वाळा. तो माठात टाकायचा, म्हणजे आधी माठ हवा. आमच्या घरातला माठ फ्रीज आला त्या वर्षी माळ्यावर गेला आणि नंतर कधीतरी तडकला. म्हणून मी धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. तिथे एक गोष्ट शिकले. मला आवडला होता तो वारली चित्रं काढलेला, गुळगुळीत, चकचकीत माठ. विकणाऱ्या बाईंनी तो बाजूला सारला आणि साधा, खरखरीत, विटकरी माठ पुढे ओढला. बोटाच्या पेराने टकटक केलं, खणखणीत आवाज आला. "शोभेला न्यायचा असेल तर तो घ्या, पाणी प्यायचं असेल तर हा." कारण सोपं आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाऱ्यावर त्याची वाफ होते, आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. रंग फासला की छिद्रं बुजली, मग माठ आणि प्लास्टिकची बादली सारखीच.

पण वाफ व्हायला हवा कोरडी लागते, आणि मुंबईची हवा म्हणजे आधीच पिळायला झालेलं फडकं. ती आणखी पाणी घेणार कुठे? म्हणूनच विदर्भात घरोघरी घरघरणारा कूलर इथे लावला तर खोलीचा नुसता वाफारा होतो. पहिल्या दिवशी माझा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घाम पुसत बसला आणि पाणी निघालं कोमट. नवऱ्याने एक घोट घेतला, काही बोलला नाही, फ्रीज उघडला. ते न बोलणं मला जास्त लागलं.

पार्लेला फोन केला. "माठ कुठे ठेवलायस?" "ओट्याखाली." "अगं बाई, त्याला वारा कोण घालणार? गॅलरीत ठेव, पश्चिमेला."

गॅलरीत तिवईवर ठेवल्यापासून मला एक नवाच नाद लागला. सकाळभर पाणी जेमतेम. दुपारी बारा-साडेबारानंतर समुद्रावरून वारा सुटला की तासाभरात माठाचं पोट गार लागायला लागतं. घड्याळ न बघता, नुसता हात लावून मी वारा आला की नाही ते सांगू लागले. काही दिवशी पूर्वेचा, जमिनीवरचा वारा हटत नाही आणि समुद्राचा वारा अडून बसतो. मुंबई खऱ्या अर्थाने तापते ती अशाच दिवशी. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. असे एक-दोन दिवस यंदाही आले, तेव्हा हवा कोरडी झाली आणि माणसं हैराण असताना माझ्या माठातलं पाणी मात्र झकास गार. नवऱ्याने आपणहून दुसरा पेला मागितला. मी काही बोलले नाही.

वाळ्याची निगा मात्र सोपी नाही. चार दिवस माठात, एक दिवस उन्हात, नाहीतर मुळं बुळबुळीत होतात. गिरगावने यावर कुठेतरी वाचून भर घातली की हे गवत वर दिसतं तेवढंच नसतं, त्याची मुळं दोन-दोन मीटर खोल जातात, म्हणून माती धरून ठेवायला ते बांधावर लावतात. माझ्या पाण्यात तरंगणारी ती वीतभर जुडी मी त्यानंतर जरा आदराने हाताळू लागले.

गिरगावचं स्वतःचं वेड दर वर्षी वाचनाचं. यंदा तिचं म्हणणं, दुपारचं पुस्तक घरी वाचायचं नाही, जुन्या वाचनालयात जाऊन वाचायचं. त्या काळच्या गवंड्यांना उकाडा कळत होता, म्हणते. उंच छतं, खोल व्हरांडे. एशियाटिक सोसायटीचं वाचनालय असलेला टाउन हॉल १८३३ चा, डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत १८७० ची. ससूनच्या वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत. खाली काळा घोड्याची रहदारी, वर आपण पाय पसरून. नऊ दिवस ती तिथे गेली. "किती वाचून झालं?" मुलुंडने विचारलं. "सतरा पानं." दोष खुर्चीचा होता, असं तिचं ठाम मत आहे. तिथे जाऊन झोप न काढणारा माणूस आपण अजून पाहिलेला नाही, असंही ती सांगते.

मला यावरून आमच्या चाळीतली सुट्टीतली लायब्ररी आठवली. मुलांनी आपापली पुस्तकं आणून साबणाच्या खोक्यात लावायची, दिवसाला पाच पैसे भाडं. पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली की पहिलं आणि शेवटचं पान गेलंच म्हणून समजा. एका रहस्यकथेतला खुनी कोण, हे मला आजतागायत ठाऊक नाही. माझा संशय दिवाणजींवर आहे.

माझं वेड खाण्याचं. दर वर्षी ठरतं हापूसवर काही बोलायचं नाही, आणि दर वर्षी बोलणं होतं. हापूसशी माझं वैर नाही. पण तो कलमाचा आंबा, म्हणजे एकाच झाडाची फांदी कोकणभर पसरलेली, आणि आता २०१८ पासून पाच जिल्ह्यांच्या नावाचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्काही त्याला मिळालेला. रायवळाचं तसं नाही. तो बाठ्यातून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी, आणि चव निराळी म्हणून प्रत्येक झाडाला नाव. आमच्याकडे शेप्या होता, त्याला शेपूचा वास यायचा. खोबऱ्या होता. एक नुसताच आंबट होता, त्याला एका खाष्ट आत्याचं नाव दिलं होतं. ते इथे देत नाही.

दादरच्या बाजारात तीन दिवस हिंडल्यावर एका बाईकडे टोपलीभर बिटक्या, म्हणजे लहान रायवळ आंबे, मिळाल्या. सासव केलं. बिटक्या सोलून बाठ्यासकट गुळात शिजवायच्या, ओलं खोबरं, सुकी मिरची आणि मोहरी वाटून लावायची. मोहरी कच्चीच, त्यामुळे पहिला घास नाकातून मेंदूत जातो. पार्लेने अटीपुरतं खाल्लं. गिरगावच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलुंडने मात्र वाटी पुसून बाठा चोखत विचारलं, "हे आमच्याकडचं. तू कुठून शिकलीस?"

"आजीकडून," म्हटलं. झाडांची नावं मला अजून पाठ आहेत. ती झाडं आता कुणाच्या नावावर आहेत, कोण जाणे.

त्यानंतर मुलुंड दोन मिनिटं गप्प होती, आणि मुलुंड गप्प राहत नाही. मग म्हणाली, "रेल्वेचं मरू दे. आपण बोटीने कोकणात जाऊ. भाऊच्या धक्क्यावरून रेवस."

"रेवस म्हणजे कोकणच का?" पार्ले.

"रायगड जिल्हा कोकणातच येतो. आणि जायचं तर लवकर. पावसाची मुंबईची तारीख ११ जूनची, पण गेल्या वर्षी २६ मेलाच उतरला होता, आठवतंय ना?"

तारीख ठरवली गिरगावने, १५ मे. कारण सांगेना. दोघींनी रजा टाकल्या. डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सीने धक्क्यावर पोचलो. नावातला भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, हे गिरगावने टॅक्सीवाल्यालाही सांगितलं. मासळीचा वास, बर्फाच्या लाद्या, लाँचवर चढवलेल्या मोटारसायकली, रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी. लाँच हलली आणि शहर बाजूने दिसायला लागलं. मुंबईत जन्म गेला तरी मुंबई अशी बाहेरून क्वचितच बघायला मिळते. पाठीमागे अटल सेतूची लांबच लांब रेघ, डावीकडे घारापुरीचा डोंगर, नांगर टाकून ताटकळत असलेली जहाजं. समोरच्या कोळीणबाई म्हणाल्या, "आता पंधरा दिवस. मग बंदी." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यांचाही उन्हाळा संपत आला होता, आणि सुट्टी त्यानंतर सुरू होणार होती.

मुलुंडने डबा उघडला तर त्यात सासव. तिने माझ्याकडून कृती घेऊन केलं होतं, आणि माझ्यापेक्षा बरं झालं होतं. पार्लेच्या थर्मासमध्ये वाळ्याचं पाणी. गिरगावने पिशवीतून पुस्तक काढलं, उघडलं आणि लाँचच्या हेलकाव्यावर चौथ्या मिनिटाला डुलकी घेतली. खुर्चीचा काही दोष नव्हता तर.

रेवसच्या धक्क्यावर उतरल्यावर मात्र ती खडबडून जागी झाली. घड्याळ बघायला लागली. "छत्र्या मिटा. उभ्या राहा." बारा पस्तीस. धक्क्याचं सिमेंट तव्यासारखं. "आता खाली बघा."

खाली आमच्या चपला होत्या. सावली नव्हती. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मुंबईच्या पट्ट्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, पण जुलैत ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. हे सगळं गिरगाव सांगत होती आणि आम्ही तिघी खाली वाकून आपापली सावली शोधत होतो. धक्क्यावरचा एक माणूस थांबला. "काय पडलं का बाई?"

"सावली," मुलुंड म्हणाली.

तो जरा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पायाकडे बघून त्यानेही एकदा गिरकी घेतली.

पुढे अलिबागला वगैरे काही गेलो नाही. टपरीवर कोकम सरबत प्यायलो आणि परतीच्या लाँचने घरी. रात्री लिफ्टमध्ये शेजारणीने सवयीने विचारलं, "मग, गावाला कधी?" मी म्हटलं, "जाऊन आले."

परवा वाळ्याची जुडी उन्हात टाकायचा दिवस होता. गॅलरीच्या कठड्यावर पसरली आणि रात्री उचलायची विसरले. पहाटे कसलासा आवाज आला, वास आला, माठाजवळ येतो तोच, पण घरभर. उठून बघते तर बाहेर सर पडून गेलेली आणि जुडी चिंब.

सात वाजता पार्लेला फोन केला. "अगं, वाळा भिजला."

"मग वाळव ना उन्हात."

"ऊन कुठंय?"