जर्मन गाडीत अमेरिकन इंजिन

बीएमडब्ल्यूच्या जुन्या ई-३० मॉडेलमध्ये शेवरलेचे ५.७ लिटरचे व्ही-८ बसवण्याचा विषय नाशिकमधल्या अंबडच्या गॅरेजमध्ये निघाला की सगळे अश्वशक्तीवरच बोलतात. मला मात्र जागेचा प्रश्न अधिक रंजक वाटतो. हे इंजिन म्हणजे एलएस-१. १९९७ साली शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये आलेल्या या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, ब्लॉकच्या आतच असल्याने, आठ सिलिंडर असूनही त्याचा आकार आटोपशीर राहतो. तरीही ऑइल संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईला, अडतो, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने त्याचा दांडा नेमका उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) वाटेत येतो. तिथे बोटभर फटीसाठी पाइप कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागते. गिअरबॉक्स, रेडिएटर ओघाने आलेच. खरी मेख पेठ रोडवरच्या आरटीओत आहे, कारण मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला मान्य नाही.