सव्वीस आठवड्यांनंतर

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि त्यामुळेच 2018 मध्ये जन्मलेली आमची मुलगी सहा महिन्यांची होईपर्यंत पत्नीला घरी राहता आले. वडिलांसाठी खासगी नोकरीत अशी तरतूद नव्हती (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळत). मी साठवलेली आठ दिवसांची रजा संपवून, डोळ्यांत झोप घेऊनच कामावर हजर झालो.

खरी कसोटी पत्नीची रजा संपल्यावर लागली. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी, असे तोच कायदा सांगत होता. पत्नीच्या कार्यालयात मात्र ती सोय कागदावरच राहिली. अखेर साताऱ्याहून आई आली आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बाळगुटी द्यावी की नाही यावरून, डॉक्टरांचा सल्ला व आईचा अनुभव रोज समोरासमोर उभे राहू लागले. मी बहुतेक वेळा गप्प बसलो, हे पत्नी अजून विसरलेली नाही.

साडेसहानंतरच्या बैठका मी तेव्हापासून नाकारू लागलो. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत माझे नाव नव्हते. त्याचे कारण मी विचारले नाही.