वासोट्यावरचं केळवण

"बॅचलरेट म्हणजे नेमकं काय करता गं तुम्ही?" मामीनं पोळी लाटता लाटता विचारलं. तीन आठवडे ग्रुपवर हाच शब्द दिवसातून वीसदा टाइप करणारी मी एकदम गप्प. शेवटी म्हटलं, "मामी, मैत्रिणींनी केलेलं केळवण समज."

"मग घरीच करा की. पुरणाचा घाट मी घालते."

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या त्या स्वयंपाकघरात आमच्या पार्टीचं पहिलं बजेट असं बुडालं. मामेबहिणीचं लग्न डिसेंबरात, मुलगा सांगलीचा. तुळशीचं लग्न लागलं आणि केळवणांची जी रांग लागली, त्यात नवरीचे सगळे रविवार नातेवाइकांनी आधीच वाटून घेतलेले. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार-रविवार तेवढा मोकळा, तोही आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघाल्यामुळे.

ग्रुपवर अकरा जणी होत्या. "मी नक्की" म्हणणाऱ्या अकरा, पैसे पाठवणाऱ्या सहा. तेव्हा कुणाला असलं काही जमवायचं असेल तर अनुभवाचे बोल सांगते: आधी पैसे, मग तारीख, मग थीम. आम्ही नेमकं उलट केलं. सगळ्यांनी लव्हेंडर घालायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं आणि गाडी कुणाची हे शुक्रवारी रात्रीपर्यंत ठरलं नव्हतं. नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा, हे मात्र कुणी न सांगता ठरलं.

जागा शोधताना वेगळीच गंमत. एका कॅम्पवाल्याला फोन केला, तर पहिला प्रश्न, "बरोबर जेंट्स कोण आहे?" म्हटलं, कुणी नाही. "मग नाही जमणार मॅडम, नुसत्या लेडीज आम्ही घेत नाही." हे नवरदेवाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्या मित्रांना दोन ठिकाणी ऐकवलं होतं, "नुसते जेंट्स घेत नाही, फक्त फॅमिली." म्हणजे लग्न झाल्यावरच या, मग लग्नाआधीची मजा करा. मुलांचा गोव्याचा बेत चार महिने शिजत होता. मिरजेवरून गोव्याची रेल्वे, कुठला बीच, सगळं ठरलेलं. अखेर गाडी जाऊन थांबली हरिपूरजवळच्या एका मित्राच्या शेतात. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, चिकन आणि पोतंभर भडंग. फोटोत सगळे खूश दिसत होते, हेही खरं.

वासोटा, म्हणजे कोयनेच्या रानातला किल्ला, सुचवला नवरीनंच. "जिथं रेंज नाही असं काहीतरी काढा," म्हणाली. दोन महिने तिला ब्लाउजचा गळा, रुखवत आणि मेनूत बासुंदी की गुलाबजाम याशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं. पार्लरवालीनं ऊन वर्ज्य सांगितलेलं. मामीचं म्हणणं, एकदा हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, त्यामुळे काय हिंडायचं ते आत्ताच हिंडा. ही मामीची परवानगी होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

शनिवारी दुपारी पोवई नाक्यावर जमलो, कंदी पेढे घेतले आणि यवतेश्वरचा घाट चढलो. कासची फुलं कधीच संपलेली. 2012 साली जागतिक वारशात गेलेलं ते पठार नोव्हेंबरअखेर नुसतं वाळल्या गवताचं असतं. सप्टेंबरात इथं पाय ठेवायला जागा नसते, आत्ता आमच्याशिवाय दोन म्हशी. मला तरी ते जास्त आवडलं. एकीनं तरी लव्हेंडर ओढणी उडवत रील केलंच.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीत एका मावशींच्या घरी दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्यांना फोनवर फक्त "लग्नाच्या आधी फिरायला येतोय" एवढंच सांगितलं होतं. रात्री जेवायला बसलो तर एका ताटाभोवती रांगोळी, खाली पाट. "नवरी कोणती यातली?" मावशींनी विचारलं आणि आमच्या बाईसाहेब पाटावर बसल्या. कुंकू लावलं, निरांजनानं ओवाळलं, हातात हिरवा खण दिला. मग नाचणीची भाकरी, धरणातल्या माशांची तळलेली तुकडी, आमटी, भात. आम्ही बॅगेतून काढलेला 'ब्राइड टू बी'चा सॅटिनचा पट्टा तिच्या खांद्यावर तसाच होता, त्यावर निरांजनाचं तेल सांडलं.

"नाव घे आता."

"मावशी, अजून लग्न कुठं झालंय?"

"मग सराव नको व्हय?"

तिनं सुरुवात केली, "शिवसागराच्या पाण्यात लाँच चालली झोकात..." आणि अडकली. पुढचं मावशींनीच पुरं केलं, "अमुकरावांचं नाव घेते मैत्रिणींच्या घोळक्यात!" मी टेबलावर पसरायला आणलेले गेमचे कार्ड बॅगेतच राहिले. 'नवरदेवाचा आवडता रंग कोणता' हे विचारण्यात त्यानंतर काही राम नव्हता.

सकाळी लवकर उठून वनखात्याची परवानगी काढली आणि लाँच ठरवली. भाडं माणशी नसतं, अख्ख्या लाँचचं असतं. त्यामुळे आयत्या वेळी गळालेल्या पाच जणींचा भुर्दंड आम्हालाच पडला. (त्या पाचही जणी लग्नात पहिल्या पंगतीला होत्या.) कोयनेचं पाणी त्या वेळी काचेसारखं असतं. लाँचवाल्या मामांनी पट्टा बघितला, इंग्रजी अक्षरं लावून वाचली आणि म्हणाले, "आमच्या खोऱ्यात पहिल्यापासून वऱ्हाड लाँचनंच यायचं. माझी मंडळी याच धक्क्याला उतरली. उतरताना पाय घसरला, शालू गुडघ्यापत्तर भिजला. आजून बोलते, तुमच्या धरणानं पहिल्या दिवशीच हिसका दाखवला." धरणात या खोऱ्यातली गावंच्या गावं गेली. पाण्याखाली कुठं कुणाचं शेत होतं, ते मामा हातानं दाखवत होते.

पलीकडे उतरल्यावर वनखात्याची चौकी. हा भाग कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला. दारू चालत नाही, मुक्काम चालत नाही आणि प्लॅस्टिक मोजून आत सोडतात. रक्षकदादांनी पिशव्या उघडल्या. पाण्याच्या बाटल्या 7, वेफर्सची पाकिटं 4. मग हात एका गुलाबी पाकिटावर थांबला.

"हे काय?"

"फुगे."

"किती?"

"पन्नास."

त्यांनी वहीत लिहायला पेन टेकवलं, आमच्याकडे बघितलं, पेन उचललं. "ताई, हे हितंच ऱ्हाऊ द्या. येताना घेऊन जावा."

तिथून चढ दोनेक तासांचा. ओढ्याजवळ गणपती-मारुतीच्या जुन्या मूर्ती लागतात, त्यांना हात जोडून रान सुरू होतं. इतकं दाट, की पार्लरवालीची उन्हाची काळजी फुकट. शेवटचा टप्पा दमवणारा. वर बिनछपराचा मारुती, पाण्याचं टाकं आणि मग बाबूकडा. कड्याच्या टोकाशी पोचलं की पोटात गोळा येतो, बोलणं आपोआप बंद होतं. हा गड ताई तेलिणीनं पेशव्यांच्या सेनापती बापू गोखल्यांविरुद्ध लढवला होता. औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी ती बाई इथं पाय रोवून उभी राहिली. हे मी सांगितलं तेव्हा नवरी म्हणाली, "आणि मी बासुंदी की गुलाबजाम यावर आईशी दोन महिने लढतेय."

"कोण जिंकतंय?"

"आई."

पेढे संपवले. कुणी फोन काढला नाही असं म्हणणार नाही. फोटो शंभरेक निघाले. पण एकही फोन वाजला नाही. ती कड्यापासून लांब, सावलीत पट्टा उशाला घेऊन अर्धा तास चक्क झोपली. आम्ही कुणीच तिला उठवलं नाही. पार्टीचा एवढाच कार्यक्रम वेळेत पार पडला.

उतरल्यावर चौकीत पुन्हा मोजणी. बाटल्या 8 भरल्या, वाटेतली कुणाची तरी एक उचलली होती. दादांनी वही मिटली आणि गुलाबी पाकीट परत दिलं.

मामीला दाखवलं तर तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि कपाटात टाकलं. हळदीच्या दिवशी मांडवात केळीच्या खुंटांना ते पन्नासही फुगे बांधलेले होते, लव्हेंडर, आणि मामी प्रत्येकाला सांगत होती, "वासोट्यावरून आणलेत."