जागा कुणाची?

दुपारी बर्लिनहून निघालेली आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, हाम स्टेशनात येते आणि मधोमध तुटते. खरोखर तुटते. एक भाग डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फला जातो, दुसरा हागेन, वुपर्टालवरून कोलोनला. दोन भागांमध्ये चालत जायला वाट नसते. त्यामुळे तिकीट बरोबर, गाडी बरोबर, आणि माणूस भलत्याच गावी असा प्रकार होतो. बहुधा एका भागाचे डबे २१ पासून सुरू होतात, दुसऱ्याचे ३१ पासून. दारापाशीच्या पाटीवर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन असतं. चढताना ते वाचावं, हेडफोन काढून.

शिकायला जर्मनीत आलेल्या आपल्या पोरापोरींना पहिला झटका बसतो तो मात्र जागेचा. तिथे तिकीट म्हणजे गाडीत चढण्याची परवानगी, बस्स. बसायची हमी हवी तर पाच-साडेपाच युरो वेगळे मोजायचे. एवढं करून गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत तिथे बसला नाहीत, तर हक्क गेला. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल याहून जास्त वेळ जागा धरतो!

पैसे वाचवणाऱ्यांनी आसनाजवळची छोटी पाटी वाचायला शिकावं. बर्लिनहून चढलात आणि पाटीवर ‘हानोफर–कोलोन’ दिसलं, तर हानोफरपर्यंत ती जागा तुमची. नंतर कुणीतरी येतो, फोनवरचा नंबर दाखवतो, तुम्ही उठता. वादावादी नाही, ‘जरा सरका की’ नाही. मला हे आवडतं, पण थोडं कोरडंही वाटतं.

पाट्यांवर फार विसंबू नये. गाडी कधी उलट्या क्रमाने लागते. फलाटाच्या ‘ए’ विभागात यायचा डबा ‘जी’ विभागात जाऊन थांबतो आणि अख्खा फलाट बॅगा ओढत पळतो. जर्मन वक्तशीरपणाबद्दल म्हणाल, तर २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरत नाहीत. स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असलं, तरी मुक्कामी पोचायला वीस मिनिटं उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. मग दुसरी गाडी खुशाल पकडावी.

सीमा ओलांडली की काही देशांत नियम उलटा. फ्रान्सच्या तेजेवे (टीजीव्ही) आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत आरक्षणाशिवाय पाऊल टाकायचं नाही, पास असला तरी. युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा इंटररेलचा पास १९७२ साली २१ वर्षांपर्यंतच्यांसाठी निघाला. आता तरुणांची सवलत २७ व्या वर्षापर्यंत मिळते. पासपोर्ट भारतीय असला तरी वास्तव्य युरोपात असेल तर इंटररेल. सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या बहिणीला युरेल, म्हणजे युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास. राहत्या देशात मात्र इंटररेल बाहेर पडायला एकदा आणि परतायला एकदाच चालतो. रात्रीची गाडी न बदलता सकाळी उतरलात, तर पासातला सुटण्याचा एकच दिवस खर्ची पडतो.

तेजेवेत पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या आधी संपतात. अशा वेळी लोक चिडतात. मी म्हणेन, सरळ प्रादेशिक गाडीत बसा. ती दर गावाला थांबते, शाळेची मुलं चढतात, कुणी सायकल घेऊन येतं. इटलीत तिचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड.

पॅरिसमध्ये उतरायचं आणि दुसऱ्या स्टेशनातून चढायचं असेल तर मध्ये तासभर ठेवा. मेट्रो पासात धरत नाहीत. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. युरोपीय संघात राहणाऱ्या २६ च्या आतल्यांना तिथे फुकट प्रवेश आहे. राहण्याचा परवाना दाखवायचा आणि वेळ आधी नोंदवायची.

तो परवाना आणि पासपोर्ट मूळच जवळ ठेवा. फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाकडून येताना पासाऊला पोलीस चढतात. सगळ्यांना विचारतात असं नाही. डब्यात आधी कुणाकडे वळतात, ते दोन-तीन प्रवासांत कळतंच.