ओला कचरा मुलुंडचा, माती जुन्नरची

"शेणखत परवडत नाही" हे गावाकडे इतक्यांदा ऐकलंय की आज हिशोबच मांडतो. एकरी पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत टाकलं तर त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, म्हणजे २५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. थोडक्यात नत्रापुरतं पाच टन शेणखत म्हणजे साधारण सव्वा पोतं युरिया. पोतं मिळतं २६६ रुपये ५० पैशांत, आणि पाच टन शेणखताला ट्रॉल्या, मजुरी, पसरवणं धरून किती हजार जातात ते शेती करणाऱ्यालाच विचारा. त्यात ते नत्र पहिल्या वर्षी पूर्ण हाताला लागतही नाही. असा हिशोब लावला तर आमचा दादा (माझा चुलतभाऊ, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरजवळची शेती तोच बघतो) काही खोटं बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शेणखत किंवा कुठलंही सेंद्रिय खत निव्वळ नत्रासाठी टाकायचंच नसतं.

मग कशासाठी? तर दादाच्या शेतातली दोन ढेकळं मी मुलुंडला घेऊन आलो, एक कांद्याच्या वावरातलं आणि दुसरं बांधावरच्या आंब्याखालचं, जिथे वर्षानुवर्षं नांगर लागलेला नाही आणि पालापाचोळा पडतो तिथेच कुजतो. दोन्ही कडक वाळवली आणि काचेच्या दोन ग्लासांत पाण्यात सोडली. कांद्याच्या वावरातलं ढेकूळ बुडबुडे सोडत कडेकडेनं सुटायला लागलं आणि गॅसवरचा चहा होईपर्यंत तळाला नुसता गाळ, वर गढूळ पाणी. आंब्याखालचं तसंच्या तसं, त्यातून मुळांचे केसाएवढे धागे बाहेर आलेले आणि पाणी जवळपास निवळ. शेत एकच, पाऊस एकच, मधे अंतर असेल दहा-बारा पावलांचं. घरी करून बघा, माती परीक्षणाच्या रिपोर्टवर जे आकडे असतात ते एकदम डोळ्यांना दिसतात.

होतं काय, की जमिनीतले जिवाणू आणि बुरशी काडीकचरा खातात आणि त्यातून जो चिकट डिंकासारखा पदार्थ तयार होतो तो मातीच्या कणांना धरून ठेवतो, बुरशीचे धागे त्यांना बांधून ठेवतात, आणि त्या कणांच्या मधल्या जागेत हवा राहते, पाणी राहतं. खायलाच काही दिलं नाही तर ही बांधणी सुटते. मग पहिला मोठा पाऊस झाला की बारीक माती फटींमधे जाऊन बसते, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं, आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगा बेताचा ओलावा, येता येत नाही. अशा जमिनीत युरिया टाकलात तरी तो कुठे थांबणार? थोडा वाहून जातो, थोडा हवेत उडतो, म्हणून पुढच्या वर्षी पोतं वाढवावं लागतं. दादाच्या माती परीक्षणाच्या रिपोर्टवर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे, म्हणजे 'कमी'. आपल्याकडची हवा उष्ण, कर्ब लवकर जळतो, त्यात वर्षाला दोन-तीन पिकं, प्रत्येक वेळी रोटाव्हेटर, काड पेटवून द्यायचं, आणि ट्रॅक्टर आल्यावर दावणीची जनावरं गेली ती गेलीच.

आणि हे भरून काढायला वेळ लागतो हे आधीच सांगतो. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. कर्ब फक्त ०.१ टक्क्यानं वाढवायचा तरी ९०० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा, आणि जे टाकतो त्यातलं बरंचसं तर जिवाणू खाऊन हवेत सोडून देतात. म्हणजे एका हंगामात जमीन सुधारून देतो म्हणणाऱ्या बाटलीवाल्यांवर विश्वास ठेवू नका. जीवामृत चांगलं आहे, दादा करतो, २०० लिटरच्या ड्रममधे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती, पण त्यानं जिवाणू जागे होतात, त्यांचं पोट भरायला शेवटी काडीकचराच लागतो.

तर खरी अडचण मालाची आहे, आणि माल आहे कुठे? मुंबईत! ओतूर-नारायणगावचा कांदा-टोमॅटो रात्री टेम्पोत भरतो, वाशीच्या मार्केटला उतरतो, तिथून आमच्या मुलुंडच्या भाजीवाल्याकडे, आमच्या घरात, आणि सालं, देठं, सडके टोमॅटो जातात कचऱ्याच्या गाडीतून कांजूरमार्गला. जुन्नरच्या मातीतलं पोटॅश, स्फुरद (फॉस्फरस), जस्त सगळं इकडे येतं आणि परत काही जात नाही. याचा मला खरंच त्रास होतो. टेम्पो मात्र रोज रिकामा परत जातो, ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला, पुढे कल्याण, मुरबाड, माळशेज चढून ओतूर.

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होतं, कुंड्यांना लागून उरतं, ते पोत्यांत भरून आता त्याच रिकाम्या टेम्पोतून जातं. ओल्या कचऱ्यात पाणीच जास्त त्यामुळे वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, पोती काही ढिगानं निघत नाहीत. पावसाळ्यात तर खड्डा सांभाळणं हेच मोठं काम, ओलं जास्त झालं की वास मारतो, म्हणून पर्जन्यवृक्षाची पानं आम्ही उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवतो आणि प्रत्येक थरावर टाकतो. पण सगळ्यात जीव खातात त्या बारीक गोष्टी: सफरचंदावरचे स्टिकर, टी-बॅगच्या पिना, निर्माल्याच्या हारातला प्लॅस्टिकचा दोरा. हे वावरात गेलं की कायमचं गेलं, तिथून कोण वेचणार? आमच्याकडे चाळायला बसणाऱ्या काकू एकेक स्टिकर नखानं काढतात. कृपा करून हे घरातच काढा.

दुसरं, कच्चा माल पाठवायचा नाही म्हणजे नाही. अर्धवट कुजलेल्या खतात कर्ब जास्त आणि नत्र कमी असेल तर जिवाणू ते कुजवायला जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. कच्च्या शेणखताचंही तेच, वर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी फुकट.

सोसायटीच्या पोत्यांवर एकर सुधारत नाही हे उघड आहे. ती दादा कांद्याच्या रोपवाटिकेला आणि विहिरीजवळच्या छोट्या तुकड्याला वापरतो. मोठ्या वावरात जून महिन्यात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं, त्यातलं एक पेरायचं आणि फुलावर यायच्या आत, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मातीत गाडायचं, म्हणजे माल शेतातच तयार होतो, वाहतूक शून्य. बांधावर गिरिपुष्प हे झाड लावलंय, त्याचा पालाही खत म्हणून. धनगरांच्या मेंढ्या वावरात बसवायची पद्धत तर आजोबांच्या आधीपासूनची, धान्य द्यायचं आणि रात्रभरात लेंडीखत जागेवर, ती दादानं परत सुरू केली. आणि काड पेटवणं बंद.

युरिया मात्र दादानं एकदम सोडलेला नाही, आणि मीही सोड म्हणत नाही. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मधे रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद करायचं ठरवलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे निर्णय मागे घ्यावा लागला, आणि तरीही भाताचं उत्पादन कोसळलंच. उपाशी जमिनीकडून अशी अपेक्षा करणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. दादा रिपोर्ट बघून डोस थोडा थोडा कमी करतोय, विहिरीजवळच्या तुकड्यात जास्त, बाकीकडे हळू, आणि मला हेच बरोबर वाटतं.

तुमच्या सोसायटीचं खत पडून असेल आणि गावाला कुणाची शेती असेल तर मे महिन्यातच पाठवा, पावसात पोती भिजली की दुप्पट जड होतात. पाठवायच्या आधी एक करा: एका वाटीत ते खत थोडी माती मिसळून घ्या आणि मूग टाका, शेजारी नुसत्या मातीच्या वाटीत तेवढेच मूग. दोन्हीकडे सारखे उगवले तर खत तयार आहे. खताच्या वाटीतले मूग सडले किंवा मोड पिवळे पडले तर अजून महिनाभर खड्ड्यात राहू द्या.