काचेवर उमटलेली सुरंगी

गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना कोकम सरबत द्यायला सहा ग्लास करायचे, त्यावर सुरंगीची फुलं, असं मी जुलैत ठरवलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे, आरवली-शिरोड्याच्या बाजूला, सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, होतात. तेच फूल काचेवर हवं होतं. ग्लास प्रत्यक्षात तयार झाले ते दिवाळीनंतर.

काचेवर नक्षी कोरणारं एचिंग क्रीम ऑनलाइन मागवलं. या क्रीममध्ये फ्लुओराइडचे आम्लधर्मी क्षार असतात आणि ते काचेतल्या सिलिकाला खातात. काच मुळात वाळूचीच. आमच्याच जिल्ह्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. क्रीम लागलेला भाग खरबरीत होतो, उजेड तिथे विखुरतो आणि नक्षी पांढरी दिसते. काच खातं म्हणूनच ते क्रीम प्लॅस्टिकच्या डबीत येतं. काचेच्या बाटलीत ठेवलं, तर तिलाच खाईल.

काचेवर चिकटवायची व्हिनाइल स्टिकरची स्टेन्सिल बाजारातल्या रेडियमवाल्याकडून कापून घेतली. तो गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या कापतो, त्यामुळे त्याला दोनदा सांगावं लागलं, "दादा, फूल काढून टाकायचं, भोवतालचा भाग ठेवायचा." सुरंगीच्या चार पांढऱ्या पाकळ्या नीट कापल्या गेल्या, पण मधले पिवळे केसर इतके बारीक की प्रत्येक वेळी व्हिनाइल फाटायचं. शेवटी केसरांऐवजी टिंबं घेतली. ग्लासही बदलले. खाली निमुळते होत जाणारे घेतले होते, त्यावर स्टिकरला सुरकुत्या पडत. सरळ उभ्या भिंतीचे आणले.

पहिला प्रयत्न भर पावसात केला आणि तो पार फसला. स्टिकर चिकटल्यासारखा वाटला, पण क्रीम धुतल्यावर पाकळ्यांच्या कडा फुटलेल्या, एका बाजूला पांढरा ओघळ. काचेवर डोळ्यांना न दिसणारी ओल होती, त्यात समुद्रावरून येणारा खारा थर. त्यावर व्हिनाइलची कड बसत नाही आणि क्रीम खालून आत शिरतं. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तेच. त्या जागी क्रीम नीट लागत नाही आणि डाग पडल्यासारखं दिसतं. काचेवर एकदा चढलेलं परत निघत नाही. मी ते ग्लास बाजूला ठेवले आणि पाऊस जाईपर्यंत थांबले. थांबणं जिवावर आलं होतं, कारण चतुर्थी जवळ येत होती.

नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत पुन्हा बसले. साबणाने धुऊन ग्लास उन्हात ठेवले, मग स्पिरिटने पुसले आणि त्यानंतर काचेला हातमोज्यांशिवाय हात लावला नाही. स्टिकर मधून कडेकडे दाबत नेला आणि प्रत्येक पाकळीची कड नखाने घासली. एका ग्लासाला अर्धा तास गेला. क्रीमचं काम त्यामानाने काही मिनिटांचं. आधी जॅमच्या रिकाम्या बाटलीवर करून पाहिलं, तेव्हा कळलं की रंगासारखा पातळ हात फिरवला तर ठिपके राहतात. जाड थर द्यायचा. ओठ लागतात तिथे नको म्हणून नक्षी काठापासून दोन बोटं खाली घेतली.

सावधगिरीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हे क्रीम साध्या लोशनसारखं दिसतं. फ्लुओराइड कातडीवर लागलं तर त्या क्षणी दुखेलच असं नाही. काही तासांनी आत खोल दुखू लागतं. मी रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मागच्या पडवीत काम केलं, मुलांना आत पाठवलं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधीच आणून ठेवलं होतं. लागलंच तर भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून, डॉक्टर गाठायचा. उरलेलं क्रीम प्लॅस्टिकच्या चमच्याने खरवडून डबीत परत भरलं. धुण्याचं पाणी चिनी मातीच्या बेसिनमध्ये सोडलं नाही, कारण त्याच्या चकाकीलाही हे क्रीम खातं. प्लॅस्टिकच्या बादलीत धरलं आणि त्यात चुना कालवला. चुन्यातल्या कॅल्शियमशी फ्लुओराइड बांधलं जातं. आपल्याकडे मोरीचं पाणी नारळाच्या आळ्यात सोडायची सवय असते. हे पाणी तिथे नको, विहिरीजवळ तर नकोच.

पहिला ग्लास धुतला आणि छातीत धस्स झालं. काहीच नव्हतं. काच आधीसारखीच स्वच्छ. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझा ता नक्षीकाम धुवान गेला काय गो?" मी उत्तर न देता ग्लास फडक्याने पुसला. पाणी निघत गेलं तशा एकेक करून पाकळ्या पांढऱ्या उगवू लागल्या. खरबरीत भागाच्या खाचा पाण्याने भरल्या की उजेड विखुरत नाही आणि नक्षी दिसेनाशी होते, सुकली की परत येते. आम्ही दोघी तो ग्लास पुन्हा पुन्हा ओला करून पाहत बसलो.

मग त्यांनी त्यातच सरबत ओतलं. कोकमाच्या लाल रंगावर सुरंगी इतकी पांढरी दिसली की त्यांनी ग्लास खिडकीत उजेडाला धरला आणि बराच वेळ प्यायल्याच नाहीत. पावसाळ्यातला ओघळ आलेला ग्लास मी टाकणार होते. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतला, आता रोज दुपारी त्याच ग्लासातून ताक पितात.